यंत्राची मानके ठरली, चालकाची परीक्षा राहिली

मोटार रस्त्यावर आली तेव्हापासून कायद्यापुढे दोन प्रश्न आहेत. यंत्र सुरक्षित आहे का? आणि ते चालवणारा लायक आहे का? अमेरिकेने या दोन प्रश्नांची वाटणी करून टाकली. १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्याने यंत्राची मानके केंद्र सरकारकडे आली, चालकाचा परवाना मात्र राज्यांकडेच राहिला. गाडी मानकांनुसार असल्याचे प्रमाणपत्रही उत्पादकाने स्वतःच द्यायचे, अशी पद्धत ठरली. पन्नास वर्षे हे चालून गेले. मग सॉफ्टवेअरच चालक झाले आणि त्याची परीक्षा कोणी घ्यायची, हे कुणीच ठरवलेले नव्हते.

डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने उबरला बजावले, की चाचणीसाठी आधी परवाना घ्या. कंपनीने नकार दिला, तेव्हा राज्याने तिच्या १६ गाड्यांची नोंदणी रद्द केली. गाड्या शेजारच्या अॅरिझोनात गेल्या. तिथे असा परवाना लागत नव्हता आणि गव्हर्नरांनी तर त्यांचे जाहीर स्वागत केले.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने एका ४९ वर्षांच्या महिलेला धडक दिली. ती सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. स्वयंचलित गाडीखाली पादचारी दगावल्याची ही पहिली नोंद.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसले, की धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्रणेला समोर काहीतरी दिसले होते. ते वाहन आहे, सायकल आहे, की आणखी काही, याचा तिचा अंदाज सारखा बदलत राहिला. कारण क्रॉसिंग सोडून कुणी माणूस रस्ता ओलांडेल, हे सॉफ्टवेअरमध्ये धरलेलेच नव्हते. मूळ गाडीतली आपोआप ब्रेक लावणारी सोयही चाचणीच्या वेळी बंद ठेवली होती. देखरेखीला बसलेल्या चालकाचे लक्ष मोबाइलकडे होते. मंडळाने चालकाबरोबर कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेवर आणि राज्याच्या अपुऱ्या देखरेखीवरही बोट ठेवले.

फौजदारी जबाब मात्र एकट्या चालकाला द्यावा लागला. २०२३ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षांची प्रोबेशन झाली. कंपनीवर खटला भरलाच गेला नाही.

२०२१ मध्ये केंद्राने अशा गाड्यांचे अपघात कळवणे सक्तीचे केले. हे चांगलेच झाले. पण कळवणे अपघातानंतरचे असते. माणसाला परवान्याची परीक्षा रस्त्यावर उतरण्याआधी द्यावी लागते. तीच अट सॉफ्टवेअरला नसेल, तर त्याच्या चुका पादचाऱ्यांच्या जिवावर तपासल्या जातील.