चौकशी आणि चौकशीकर्ता : परळ येथील वैद्यकीय संशोधनाच्या अर्थसाहाय्याचा विचार

हिंदुस्थान सरकारच्या प्रेरणेने १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या व्यवहारात संशोधनकार्याला ‘एन्क्वायरी’, म्हणजे चौकशी, हा शब्द रूढ होता. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु अर्थसाहाय्याविषयीची एक निश्चित कल्पना त्यात दडलेली आहे. चौकशी ठरावीक प्रश्नाची असते, ती कोणी तरी नेमून द्यावी लागते आणि मुदत सरली की ती मिटते. चौकशी करणारा मनुष्य या कल्पनेत गौण ठरतो. वस्तुतः मुंबईतील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास पाहता, जे टिकाऊ ठरले ते बहुधा चौकशीच्या चौकटीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा मिळालेल्या माणसांच्या हातून घडले, असे आढळते.

या इतिहासाचा प्रारंभ वॉल्डेमार हाफकीन यांच्यापासून करणे क्रमप्राप्त आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि ऑक्टोबरात हाफकीन कलकत्त्याहून येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या नोकरांच्या साहाय्याने त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे आगाखानांनी माझगावची खुश्रू लॉज ही वास्तू त्यांना उपलब्ध करून दिली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली. सरकारी आश्रय मिळाला खरा, पण तो लशीला मिळाला होता, माणसाला नव्हे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली, आणि हाफकीन यांना पदाला मुकावे लागले. परळची लस तयार होतच राहिली. तिचा जनक मात्र बाहेर होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.

याच हाफकीन संस्थेत १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी आल्या. वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचे केंब्रिजमधील अध्ययन आणि त्यानंतर लंडनमधील वैद्यकीय शिक्षण अशी त्यांची तयारी होती. डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्यांना असोसिएशनच्या मातृमृत्यूविषयक चौकशीत पाचारण केले होते. पुढे लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचेही साहाय्य या कार्यास लाभले. प्रश्न नेमका होता : मुंबईच्या गिरणी-कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांना जडणारा तीव्र पांडुरोग कशामुळे होतो? या रोगात रक्तपेशी संख्येने घटतात व आकाराने फुगतात. चौकशीची चौकट पाळावयाची तर जंतू शोधावयाचा, सापडला तर कळवावयाचा, न सापडला तर तसे लिहून प्रकरण संपवावयाचे. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली व ती फलदायी नाही असे दिसताच आहाराकडे मोर्चा वळविला. मुंबईतील गरीब स्त्रियांच्या जेवणासारखे अन्न उंदरांना घालून त्यांच्यात पांडुरोग निर्माण करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. उंदरांना पांडुरोग झालाही. पण त्याचे कारण उवांमार्फत पसरणारा बार्टोनेला नामक जंतू असल्याचे निष्पन्न झाले, आणि मोठ्या कष्टाने जमविलेला पुरावा निकामी ठरला.

अशा ठिकाणी, वर्षाअखेर फळ दाखवा असा तगादा असता, तर हे संशोधन येथेच आटोपले असते. विल्स यांना मात्र जागा, प्राणी आणि विषय बदलता आले. १९२९ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांनी आपले काम कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत हलविले. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन आहारशास्त्राचे संशोधन चालवीत होते. १९३१ च्या आरंभी त्या मद्रासला होत्या, उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात. उंदरांच्या जागी माकडे आली. तोच निकृष्ट आहार घातलेल्या एका माकडाला पांडुरोग जडला असता मार्माइट नावाने विकल्या जाणाऱ्या किण्वाच्या अर्काने ते सुधारले, आणि तोच स्वस्त पदार्थ मुंबईच्या रुग्ण स्त्रियांनाही गुणकारी ठरला. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मातृमृत्यूच्या चौकशीसाठी नेमलेली व्यक्ती एका अज्ञात जीवनसत्त्वाच्या दारापाशी येऊन ठेपली होती. या गुणकारी घटकाला पुढे कित्येक वर्षे ‘विल्स घटक’ असेच संबोधले जाई.

त्याचे पुढील चरित्र अमेरिकेत घडले. १९४१ मध्ये टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे काढले; १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत, ज्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती, ते कृत्रिम रीत्या सिद्ध झाले. त्याच प्रयोगशाळेतील फॉलिक आम्लविरोधी द्रव्य वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्तकर्काने ग्रासलेल्या बालकांत रोग काही काळ ओसरल्याचे दाखविले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्तकर्कानेच निवर्तल्या होत्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये स्थापिलेल्या न्यासाचा मुख्य हेतू त्या रोगाचे संशोधन हाच होता. पांडुरोगावरील एका कामापासून निघालेली वाट अशा आडवळणाने त्या हेतूपर्यंत पोहोचली. कोणत्याही अर्जात ही वाट आधी रेखाटता आली नसती.

तथापि व्यक्तीवर विश्वास टाकण्याच्या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. विश्वास टाकावयाचा तर ओळख हवी. बाल्फर विल्स यांना पाचारण करू शकल्या, आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या पंगतीतही विल्स यांना स्थान होते. हाफकीन संस्थेपासून काही अंतरावर परळमध्येच १९२६ साली सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट होती, आणि सरकारी वैद्यकीय सेवेत भारतीयांना वरच्या जागा दुर्लभ होत्या हेच तिचे कारण. तेथील बुद्धिमान तरुणांवर तसाच विश्वास कोणी टाकावयाचा, या प्रश्नाला वसाहतकाळाने समाधानकारक उत्तर दिले नाही.

ते उत्तर काही अंशी वसंत रामजी खानोलकर यांच्या रूपाने मिळाले. विकृतिशास्त्राचे हे अध्यापक १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांनी माणसे निवडली व त्यांना वाव दिला. पुण्याच्या कमल समर्थ, पुढील कमल रणदिवे, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या; रॉकफेलर प्रतिष्ठानच्या व्यक्तिगत शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून आल्या, आणि या विद्येची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभारली. कर्करोगासाठी आणलेली ही विद्या त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूकडेही वळविली. विषयाला बांधलेल्या अनुदानात हे स्थलांतर सहज सुचण्यासारखे नव्हते.

असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्राध्यापकपदाची योजना आरंभिली व चंद्रशेखर वेंकट रामन हे तिचे पहिले मानकरी ठरले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना हे पद १९५९ मध्ये मिळाले, खानोलकरांना १९६३ मध्ये. येथे मात्र चौकशी नव्हती. व्यक्ती होती आणि तिला मिळालेला अवधी होता. परंतु काणे त्या वेळी ऐंशीच्या घरात होते, खानोलकर पासष्टी ओलांडून गेलेले. विश्वास टाकला गेला तो सिद्ध झालेल्यांवर.

कोणी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण पुढे करील. कोकणातील ग्रामीण आरोग्यकेंद्रात काम करीत असता त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने नोंदविली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविला आणि १९८२ व १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये लेख लिहिले; ते कोणत्या अनुदानावर? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो उलटाच साक्षीदार आहे. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. मात्र नियमित वेतन होते, एकाच प्रदेशात वर्षानुवर्षे राहणे होते, आणि काय पाहावयाचे हे ठरविण्यास मज्जाव करणारा कोणी नव्हता. दीर्घ मुदतीचे लवचीक अनुदान ज्या गोष्टी विकत घेते, त्यांतील बहुतेक त्यांना योगायोगाने लाभल्या होत्या. तरुण संशोधकाला त्या योजनापूर्वक लाभाव्यात अशी व्यवस्था भारतात मोठ्या प्रमाणावर २००८ मध्ये आली : जैवतंत्रज्ञान विभाग व लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून सुरू केलेल्या पाठ्यवृत्तींत पाच वर्षांचे साहाय्य व्यक्तीच्या नावे दिले जाऊ लागले. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या त्याला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती.