हिमावरील शिकवणीची वंशावळ

माघाच्या सुमारास मीरा रोड आणि भाईंदर येथील गृहसंकुलांतून यात्रा-कंपन्यांच्या तांड्याबरोबर काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांत, गुलमर्गच्या उतारावर तासाच्या बोलीने एक स्वतंत्र शिक्षक ठरवून स्कीइंगचा ओनामा गिरवण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तिची नवश्रीमंतांची हौस म्हणून वासलात लावणे मला अन्यायाचे वाटते. कारण ह्या चालीला शंभर वर्षांहून जुनी, आणि जीत युद्धाने दोनदा हस्तक्षेप केला आहे अशी, वंशावळ आहे.

अवांतर असले तरी एक आधीच नमूद करून ठेवतो. ज्यांच्या शिवारातले पांढरे ढीग राई-मुर्ध्याच्या मिठागरांतले, त्या भाईंदरकरांचा हिमाशी काहीच ऋणानुबंध नाही असे म्हणवत नाही. आल्प्समध्ये वसंतात बर्फ भुसभुशीत झाला की शर्यतीच्या मार्गावर मीठ टाकतात. त्याने वरचा थर विरघळतो, विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, आणि खालचा ओलसर बर्फ गोठून टणक होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फावर खडे मीठ पसरणाऱ्या आपल्या आज्यांनी पदार्थविज्ञानाचा हाच नियम राबवला होता.

आता मूळ विषय. स्की ही नॉर्वेच्या शेतकऱ्यांची वहिवाटीची वस्तू. ती शिकवण्याचा स्वतंत्र पेशा मात्र आल्प्समधील पाहुण्यांच्या सोयीसाठी फोफावला. ऑस्ट्रियातील आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी सांक्ट आंटोन नावाचे गाव आहे. तेथील हॉटेल पोस्टच्या मालकाने १९०७ साली हान्नेस श्नायडर नावाच्या, जेमतेम सतरा वर्षांच्या पोरास आपल्या पाहुण्यांना स्की शिकवण्याकरिता चाकरीस ठेवले. पाहुणा आणि शिक्षक, मध्ये हॉटेलवाला, असा हा खाजगी शिकवणीचा मामला पहिल्या महायुद्धापर्यंत चालला; परंतु त्या युद्धात पहाडी पलटणींतील शिपायांना घाऊक प्रमाणावर शिकवण्याचे काम श्नायडरच्या अंगावर पडले, आणि शेकडो अननुभवी माणसांना थोडक्या अवधीत उतारावर उभे करायचे तर धड्यांची चढती श्रेणी लावून, तुकड्या पाडून, एकाच शब्दाने साऱ्यांना हुकूम देता आला पाहिजे, हे त्याच्या ध्यानी आले. युद्ध संपल्यावर तीच शिस्त त्याने सांक्ट आंटोनच्या शाळेत आणली, आणि ती आर्लबर्ग पद्धती म्हणून जगभर पसरली. खुद्द श्नायडरला १९३८ मध्ये नाझी अंमलात अटक झाली. पुढील वर्षी तो अमेरिकेस गेला.

हिंदुस्थानात पहिला अंक साहेबांचा. गुलमर्ग येथे १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला. दुसरा अंक पुन्हा युद्धाचा, ह्या खेपेस काश्मीरवरून पाकिस्तानशी झालेल्या. १९४८ च्या ऐन हिवाळ्यात मेजर पृथीचंद ह्यांची मूठभर तुकडी बर्फाने अडलेली जोजिला खिंड पायी ओलांडून लेहच्या रक्षणार्थ गेली, तेव्हा हिमात लढण्याचे रीतसर शिक्षण आपल्या लष्कराजवळ नव्हतेच म्हटले तरी चालेल. ही उणीव ओळखून त्याच वर्षाच्या डिसेंबरात जनरल थिमय्या ह्यांच्या १९व्या डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला उघडली, जिचे पुढे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले.  

तिसरा अंक सरकारी खात्याचा, आणि येथे वंशावळीचे टोक आर्लबर्गला जुळते. १९६८ च्या सुमारास केंद्राच्या पर्यटन खात्याने हिमक्रीडेस योग्य जागा निवडण्याकरिता रुडॉल्फ माट ह्यांस पाचारण केले. हे गृहस्थ सांक्ट आंटोनचेच, १९३६ चे स्लालम शर्यतीचे जगज्जेते. त्यांनी कौल गुलमर्गला दिला, तेथे स्कीइंग व गिर्यारोहणाची सरकारी संस्था निघाली, आणि तीत पुन्हा तुकड्या, श्रेणी व हुकूम. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत २००५ मध्ये. त्यानंतर मैदानी मुलखातील प्रवाशांची रीघ लागली.

ह्या प्रवाशाजवळ तुकडीत राहून शिकण्याइतके दिवस नसतात. श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग उरकून गुलमर्गच्या वाट्यास येतो एक दिवस, म्हणून हॉटेल पोस्टचा जुना मामला इकडे नव्याने सुरू झाला. माझ्या मते संस्थेतील शिक्षण अधिक पक्के आणि एकंदरीत स्वस्तही; पण जो आयुष्यात प्रथमच हिम पाहतो, त्याला हुकूम देणाऱ्यापेक्षा हात धरणारा माणूस लागतो. गुलमर्गखालच्या टंगमर्ग परिसरातला एखादा तरुण शिष्याकडे तोंड करून स्वतः उलटा घसरत असतो, त्याच्या काठ्या धरून असतो, आणि स्कीची टोके जवळ व टाचा दूर ठेवून वेग कसा मोडावा एवढेच तासाभरात शिकवतो. ह्याच परिसरातल्या आरिफ खान ह्यांनी, ज्यांच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान होते, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू म्हणून भाग घेऊन जायंट स्लालममध्ये ४५वा क्रमांक मिळवला. तेव्हा अशा शिक्षकाशी मेहनतान्यावरून भाजीबाजारातली हुज्जत घालणे मला प्रशस्त वाटत नाही. घासाघीस करायचीच, तर ती भाड्याच्या बुटांवर करावी. ते बहुधा मापाचे नसतात.