फवारणी पंपाचे नोझल आणि दाब नियंत्रक व्हॉल्व्ह: निवड, तपासणी व मात्रेचा हिशोब

कोणते औषध घ्यायचे याची चौकशी दहा ठिकाणी होते. ते औषध ज्या छिद्रातून पानावर जाणार, त्याकडे मात्र पंप चोंदल्याशिवाय कोणी बघत नाही. एकरी किती पाणी पडणार, थेंब किती बारीक होणार आणि औषध पानावर बसणार की शेजारच्या शेतात जाणार, हे नोझल आणि दाब या दोन गोष्टी ठरवतात. औषध चांगले असूनही कीड आटोक्यात येत नसेल, तर नवे औषध आणण्याआधी नोझल तपासावे.

नोझलचे प्रकार

पोकळ शंकू म्हणजे हॉलो कोन नोझलमधून फवारा गोल कड्यासारखा पडतो, मध्यभाग रिकामा राहतो. थेंब बारीक असतात आणि झाडाच्या आत, पानांच्या खालच्या बाजूपर्यंत पोचतात. कीटकनाशक व बुरशीनाशकासाठी हेच वापरावे. द्राक्ष, डाळिंबाच्या ब्लोअरवर याच प्रकारातील सिरॅमिक चकतीची नोझल बसवलेली असतात. छाटणीनंतर कॅनोपी लहान असताना वेलीच्या उंचीबाहेरची वरची-खालची नोझल बंद ठेवावीत, नाहीतर तेवढे औषध हवेत किंवा जमिनीवर जाते.

फ्लॅट फॅन नोझलचा फवारा चपट्या पट्ट्यासारखा पडतो. तणनाशकासाठी आणि ट्रॅक्टरच्या बूमसाठी ते योग्य. बूमवर ११० अंशाची नोझल ५० सें.मी. अंतरावर असतील, तर बूमची उंचीही पिकाच्या किंवा तणाच्या शेंड्यापासून साधारण ५० सें.मी. ठेवावी. या नोझलचा पट्टा कडेला विरळ होत जातो, म्हणून शेजारचे पट्टे एकमेकांवर चढले पाहिजेत.

फ्लड जेट, म्हणजे कट नोझल, कमी दाबावर जाड थेंब आणि रुंद पट्टा देते. पेरणीनंतर, उगवणीपूर्वी मारायच्या तणनाशकासाठी ते चालते.

बॅटरी पंपासोबत बऱ्याचदा चार-पाच तोंडांचे, फुलासारखे नोझल मिळते. काम लवकर उरकते म्हणून मजुरांना ते आवडते. पण त्यातून एकरी पाणी किती पडते हे मोजल्याशिवाय त्याने फवारणी करू नये.

आकडे आणि रंग

चांगल्या कंपनीच्या फ्लॅट फॅन नोझलवर ११०-०२ असा आकडा असतो. ११० हा फवाऱ्याचा कोन आणि ०२ हे छिद्राचे माप. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मापाला रंग ठरलेला आहे. ३ बार (सुमारे ४३ पीएसआय) दाबावर पिवळ्या ०२ मधून मिनिटाला ०.८ लिटर, निळ्या ०३ मधून १.२ लिटर आणि लाल ०४ मधून १.६ लिटर पाणी येते. मात्र काही कंपन्यांच्या पोकळ शंकू नोझलवर रंगाचा हिशोब वेगळा असतो, आणि बाजारातल्या सुट्या प्लास्टिक नोझलच्या रंगाला तर काहीच अर्थ नसतो. तिथे बादली आणि घड्याळ हाच आधार.

दाब वाढवला की काय होते

दाब दुप्पट केला म्हणजे पाणी दुप्पट येत नाही, साधारण १.४ पट येते. पाणी दुप्पट हवे तर दाब चौपट करावा लागतो. तोपर्यंत थेंब इतके बारीक होतात, की औषध धुक्यासारखे तरंगू लागते. म्हणून जास्त पाणी हवे असेल तर दाब न वाढवता मोठ्या मापाचे नोझल लावावे.

एचटीपी पंपावर दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते. ठरवलेल्यापेक्षा दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा द्रावण बायपासच्या नळीने टाकीत परत जाते. दाब चढत नसेल तर आधी शोषण नळीची जाळी आणि पट्टा पाहावा, मग हा व्हॉल्व्ह. त्याच्या बैठकीत कचरा अडकला किंवा ती झिजली, की द्रावण सतत परत जात राहते. उलट, गेजवर दाब भरपूर आणि गनमधून धार कमजोर असेल, तर गनची जाळी चोंदलेली असते किंवा पाइप फार लांब असतो. गेज पंपाजवळचा दाब सांगते. शंभर मीटर पाइपच्या टोकाला तो तितका राहत नाही, त्यामुळे मोजमाप गनच्या तोंडाशीच करावे.

पाठीवरच्या हातपंपात हापसण्याच्या गतीनुसार दाब कमी-जास्त होतो. ठराविक दाबालाच उघडणारा छोटा व्हॉल्व्ह नळीवर बसवला, तर नोझलपाशी दाब एकसारखा राहतो. तणनाशकासाठी तो जरूर बसवावा.

गुंठ्यावरून मात्रा काढणे

शेतकरी ‘पंपाला किती?’ असे विचारतात, पण लेबलवर मात्रा एकरी किंवा हेक्टरी असते. एका एकरात किती पंप बसतात हे प्रत्येकाच्या नोझलवर आणि चालीवर ठरते. त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर आपल्या पंपाला लागू होईलच असे नाही.

उभ्या पिकात ३३ × ३३ फुटांचा एक गुंठा आखावा. पंपात खुणेपर्यंत साधे पाणी भरावे आणि नेहमीच्याच चालीने तो गुंठा फवारावा. नंतर पुन्हा खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागले ते मोजून त्याला ४० ने गुणावे. समजा ४ लिटर लागले, तर एकरी १६० लिटर. लेबलवर एकरी २०० मि.लि. मात्रा असेल, तर लिटरला १.२५ मि.लि., म्हणजे १५ लिटरच्या पंपाला सुमारे १९ मि.लि. औषध. नोझल झिजून त्याच गुंठ्याला ५ लिटर लागू लागले आणि पंपाला १९ मि.लि. तसेच चालू ठेवले, तर एकरी २५० मि.लि. औषध जाते. पंचवीस टक्के खर्च वाया, शिवाय निर्यातीच्या मालात अंशाची भीती. पीक वाढले की पाणी जास्त लागते, म्हणून मोजणी हंगामात दोन-तीनदा करावी.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. ‘पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट’ हे वाक्य पेट्रोलवर हवेच्या झोताने फवारणाऱ्या पंपासाठी आहे. तो एकरी पाणी कमी वापरतो, म्हणून लिटरमागे औषध वाढवायचे. एकरी मात्रा तीच राहते. बॅटरीचा पंप म्हणजे पॉवर पंप नव्हे. त्यात तिप्पट औषध टाकले तर एकरी मात्राही जवळपास तिप्पट होते. विस्तार कार्यकर्त्यांनी सल्ला देताना पंप कोणता आहे हे आधी विचारावे.

वारा, शेजारी आणि फवारणारा

उसात २,४-डी मारताना बारीक थेंब शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षावर गेले, की पाने अरुंद होऊन पंजासारखी आकसतात. ते नुकसान भरून येत नाही, आणि बांधावरचे भांडण वेगळेच. तणनाशकाला पोकळ शंकू नोझल कधीही लावू नये. फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, १ ते २ बार दाब आणि हूड वापरावे. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवावा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात बारीक फवारा तोंडासमोरच राहतो. अशा पिकात नोझल वर करून फवारू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालावे आणि फवारलेल्या ओळीत शिरू नये. हवा अगदी पडलेली असेल तर थांबावे. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच.

झीज आणि सफाई

पितळी नोझल लवकर झिजते, स्टेनलेस स्टीलचे जास्त टिकते, सिरॅमिकचे सर्वांत जास्त. पाण्यात न विरघळता मिसळणाऱ्या पावडरी छिद्र घासतात, त्यामुळे बुरशीनाशके जास्त वापरणाऱ्यांकडे झीज लवकर होते. एकाच दाबावर नवे आणि जुने नोझल एकेक मिनिट बादलीत धरावे. जुन्यातून दहा टक्क्यांहून जास्त पाणी आले तर ते बदलावे. बूमवर मात्र एकाच मापाचे व एकाच कंपनीचे पूर्ण संच बदलावेत.

चोंदलेल्या नोझलमध्ये तार किंवा सुई घालू नये, छिद्राचा आकार बिघडतो. तोंडाने फुंकण्याची सवय तर सोडलीच पाहिजे, कारण त्यातून औषध थेट पोटात जाते. मऊ ब्रश आणि पाण्याने साफ करावे, खिशात एक जादा नोझल ठेवावे. फवारणी संपल्यावर पंपातून दोन-तीनदा स्वच्छ पाणी चालवावे. ते पाणी विहीर, ओढ्याकडे न सोडता फवारलेल्याच शेतात मारावे. खटका सोडल्यावरही नोझलमधून थेंब टपकत असतील, तर आतला रबरी पडदा किंवा वायसर बदलण्याची वेळ झाली आहे.