परदेशी खरेदी आणि सीमाशुल्क

परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर दोन मार्ग दिसतात. शुल्कपात्र वस्तू नसलेल्यांसाठी हिरवा, असलेल्यांसाठी लाल. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानाची माहिती देणे ही प्रवाशाचीच जबाबदारी आहे. शुल्कपात्र वस्तूंसह हिरव्या मार्गाने गेल्यास त्या जप्त होऊ शकतात. शिवाय दंड वेगळा.

सर्वसाधारण शुल्कमुक्त मर्यादा २०१६ च्या नियमांनुसार ५० हजार रुपये होती, ती फेब्रुवारी २०२६ मध्ये ७५ हजार झाली. पती-पत्नीच्या मर्यादा एकत्र करून एक लाखाचा कॅमेरा मात्र सोडवता येत नाही.

सर्वाधिक गैरसमज सोन्याबाबत आढळतो. महिलेस ४० ग्रॅम व इतरांस २० ग्रॅम दागिन्यांची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांनाच मिळते. आठवडाभराच्या दुबई सहलीला नव्हे. या सवलतीला पूर्वी अनुक्रमे एक लाख व ५० हजार रुपयांची मूल्यमर्यादाही होती. सोन्याच्या चढत्या भावापुढे ती केव्हाच हास्यास्पद ठरली होती. २०२६ मध्ये ती गेली.

घरचेच मौल्यवान दागिने घालून लग्नकार्यासाठी परदेशी निघालेल्यांनी जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. आजीच्या पाटल्यांची पावती परतताना कोण दाखवणार?