चिमूटभर प्रीमिक्सची कुळकथा

अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य म्हणजे मुख्यतः मक्याचा भरडा आणि सोयापेंड. त्यात शिंपल्यांचा चुरा पडतो, कारण एकेका अंड्याच्या कवचापायी तिच्या शरीरातून सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम निघून जातं. सगळ्यात शेवटी मिसळतात ती प्रीमिक्सची पूड, खाद्याच्या मानाने जेमतेम चिमूटभर. जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं तिच्यात असतात. त्यातली काही माणसाला कळली ती आजारी कोंबड्यांमुळे.

ही कथा सुरू होते बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात. डच वसाहतीतले सैनिक बेरीबेरीने लुळे पडत होते आणि ख्रिस्तिआन आइकमन हा डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होता. 1889च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लडखडू लागल्या, पाय लुळे पडून कोसळू लागल्या. रोग टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्हींची गत एकच. काही महिन्यांनी त्या आपोआप सुधारल्या. चौकशीत उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला आणि लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या स्वस्त तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या.

आइकमनला आधी वाटलं, पांढऱ्या तांदळात विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. 1901मध्ये त्याच्या जागी काम करणाऱ्या गेरिट ग्रिन्सने नेमकं सांगितलं: विष नाही, उणीव आहे. कोंड्यातला एक घटक मिळाला नाही तर मज्जातंतू निकामी होतात. तो घटक म्हणजे थायमिन, ब-1 जीवनसत्त्व. आइकमनला 1929चं नोबेल पारितोषिक मिळालं. कांडणातला कोंडा अंगणातल्या कोंबड्यांपुढे टाकणाऱ्या कोकणातल्या घरांत ही उणीव सहसा आलीच नसती.

दुसरी उणीव उन्हाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थंडीच्या दिवसांत पिल्लं बंद घरात वाढवायची धडपड चालली होती, पण त्यांचे पाय वाकत, हाडं मऊ राहत. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी या दुखण्याचा माग काढला. कॉड माशाच्या यकृताचं तेल खाद्यात घातलं की पाय सुधारत. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व त्या तेलात असतं. आज ते काम ड-3 करतं. ड-2 माणसाला चालतं, कोंबडीला मात्र फारसं उपयोगी पडत नाही. बारमाही कुक्कुटपालन शक्य झालं त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे.

तिसरी उणीव हिरव्या चाऱ्याची. 1929मध्ये कोपनहेगनला हेन्रिक डाम पिल्लांना स्निग्धांश काढलेलं खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होता. पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साकळू लागलं आणि ते गोठेना. हा दोष लसूणघासासारख्या हिरव्या पाल्याने जाई. यातून के जीवनसत्त्व हाती लागलं आणि डामला 1943च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. नवजात बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून आज जे के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, त्याचं मूळ या पिल्लांत आहे.

1930च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात आणखी एक कोडं सुटलं. पिल्लांच्या घोट्याची कंडरा जागेवरून सरकून पाय तिरका होई, तो मँगेनीज कमी पडल्याने. ब-2 कमी पडलं तर बोटं आत वळतात, हेही याच काळात उमगत गेलं.

इथवर प्रत्येक पुरवणी म्हणजे हिरावलेलं परत देणं होतं. पुढचं वळण वेगळं आहे. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिल्लांसाठी ब-12चा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरणारा चोथा त्यांनी खाऊ घातला. पिल्लं ब-12च्या हिशेबाबाहेर वाढली, कारण चोथ्यात प्रतिजैविकाचा अंश उरला होता. 1950मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि निरोगी पक्ष्यांना रोज थोडं प्रतिजैविक देण्याची रीत जगभर पसरली. यात कुठलीही उणीव भरून निघत नव्हती. अशा रोजच्या अल्प मात्रेत टिकून राहणारे जंतूच पुढे वाढतात आणि माणसाच्या आजारात तेच औषध लागू पडेनासं होतं. स्वीडनने 1986मध्ये वाढीसाठीचा हा वापर थांबवला, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006पासून. भारताने 2019मध्ये पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण इतर औषधं हरल्यावर माणसासाठी उरणारं ते औषध आहे.

पर्यायाची वाट फिनलंडमध्ये दिसली. 1973मध्ये नुर्मी आणि रंताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच फुटलेल्या पिल्लांना पाजले. साल्मोनेलाला त्यांच्या पोटात पाय रोवता येईना. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला हे जिवाणू आईच्या सहवासातच मिळतात. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला आई नसते, म्हणून ते बाहेरून द्यावे लागतात. आज बाजारात मिळणारी प्रोबायोटिक्स या विचाराची वारस आहेत.

कुक्कुटपालक बंधुभगिनींनो, म्हणून एक विनंती. नवी पुडी किंवा टॉनिक घेताना विक्रेत्याला विचारा, माझ्या खाद्यात नेमकं काय कमी आहे, जे यातून भरून निघेल? अ आणि ड जीवनसत्त्वं, सेलेनियम हे घटक जास्त झाले तर पक्ष्यांना बाधतात, म्हणून मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. पोत्यावरचं लेबल वाचा. आणि निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविक असेल, तर ते पोतं परत करा.