प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या

इ. स. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्वाधीन झाल्या. १९६२ साली महाराष्ट्रातील ग्रामीण शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. कोणत्या शिक्षकास कोणत्या गावी धाडावे, हा प्रश्न मात्र कायम राहिला. वशिलेवाल्यास शहराजवळची शाळा व इतरांस डोंगरपाडा, हे गाऱ्हाणे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. २०१७ च्या शासननिर्णयाने अवघड क्षेत्रात ३ वर्षे सेवा केलेल्यास बदली मागण्याचा अधिकार दिला, सर्वसाधारण क्षेत्रात १० वर्षे झालेल्यास बदलीपात्र ठरविले, आणि बदल्या संगणकाद्वारे करण्याचे योजिले. शिक्षकापुरता हा न्यायच होय. परंतु पाड्यावरील लेकरांची बोली गुरुजींस जेमतेम उमगू लागते, तोच त्यांच्या प्रयाणाचा दिवस उजाडतो. त्या लेकरांचा अर्ज कोणी लिहावा, हा आमचा नम्र प्रश्न आहे.