रासायनिक अस्त्रांची भस्मीकरणाविना विल्हेवाट

साठ्यातील रासायनिक अस्त्रे भट्टीत जाळून न टाकता, त्यांतील विषारी द्रव्याचे बंद पात्रात रासायनिक विघटन करून ती निकामी करण्याच्या पद्धती. मस्टर्ड वायू तसेच सारीन, व्हीएक्स यांसारखी तंत्रिका-विषे आणि ती भरलेले तोफगोळे, उखळी गोळे व रॉकेटे यांसाठी या पद्धती वापरल्या गेल्या. त्यांचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला.

पार्श्वभूमी : जुनी रासायनिक अस्त्रे समुद्रात बुडवण्याची रीत विसाव्या शतकात अनेक देशांत होती. अमेरिकेने १९७० पर्यंत अशी अस्त्रे जहाजांत भरून ती जहाजेच बुडवली. १९७२ च्या कायद्याने हा मार्ग बंद झाला. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने साठा नष्ट करण्याचा आदेश दिला; लष्कराने त्याआधीच भस्मीकरणाची निवड केली होती. पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटावर १९९० मध्ये पहिली मोठी भट्टी सुरू झाली. पुढे यूटा, अलाबामा, ऑरेगन आणि आर्कान्सा या राज्यांत तशाच भट्ट्या उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये अंमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने अस्त्रे पाण्यात टाकणे, जमिनीत पुरणे व उघड्यावर जाळणे निषिद्ध ठरवले. बंदिस्त भट्टीला मात्र मनाई केली नाही.

आक्षेप : भट्टीत जाळलेल्या द्रव्याचे वायू धुराड्यातून एकदा बाहेर पडले की ते परत आणता येत नाहीत, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. एम-५५ रॉकेटांच्या काचतंतूंच्या नळ्यांत पीसीबी हे रसायन असल्याने डायॉक्सिने तयार होण्याची भीतीही होती. केंटकी राज्यातील ब्लू ग्रास कोठाराजवळच्या रहिवाशांना १९८४ मध्ये भट्टीची योजना समजली. व्हिएतनाम युद्धात लढलेले व पुढे सुतारकाम करणारे क्रेग विल्यम्स यांनी तेथील विरोध संघटित केला आणि इतर कोठारांभोवतीच्या गटांनाही एकत्र आणले. या कामासाठी त्यांना २००६ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. यूटातील टूएली येथे मे २००० मध्ये धुराड्यातून अल्प प्रमाणात सारीन बाहेर पडल्यावर या आक्षेपांना बळ मिळाले. लष्कराच्या मते मात्र भट्ट्या सुरक्षितच होत्या, आणि अमेरिकी साठ्याचा बराच मोठा भाग भट्ट्यांतच नष्ट झाला.

पर्यायांचा शोध : १९९६ मध्ये काँग्रेसने, स्फोटकांसह जुळवून ठेवलेल्या अस्त्रांसाठी भस्मीकरणाखेरीज किमान दोन पद्धतींची प्रात्यक्षिके घेण्यास सांगितले. त्यातून 'अ‍ॅक्वा' या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम उभा राहिला. तंत्रांचे निकष ठरवताना लष्करी अधिकारी, राज्यांचे पर्यावरण अधिकारी आणि स्थानिक नागरिक एकत्र बसत. कोलोरॅडोतील प्वेब्लो कोठारासाठी २००२ मध्ये आणि ब्लू ग्राससाठी २००३ मध्ये पद्धती निश्चित झाल्या.

कार्यपद्धती : गाभ्याची प्रक्रिया जलीय विच्छेदनाची. मस्टर्ड गरम पाण्यात ढवळले की त्यापासून मुख्यतः थायोडायग्लायकॉल बनते. मग कॉस्टिक सोड्याने मिश्रणातील आम्ल मारतात. सारीन व व्हीएक्स यांचे विघटन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात होते. उरलेले द्रावण टाकीत रोखून तपासता येते; विष शिल्लक आढळले तर प्रक्रिया पुन्हा करता येते. धुराड्यातून निघणाऱ्या वायूंच्या बाबतीत ही सोय नसते.

प्वेब्लोत यंत्रमानव गोळ्यातील स्फोटक काढून घेत. पुढचे यंत्र गोळ्याची आतली पोकळी उघडून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्यातील मस्टर्ड धुऊन काढी. दशकानुदशके पडून राहिलेल्या या द्रव्याचा काही भाग थिजून तळाशी धरलेला असे, म्हणून पाण्याला एवढा जोर लागे. रिकामे पोलादी कवच सुमारे ५३८° से. तापमानाला किमान १५ मिनिटे तापवून निर्विष करीत. धुवणातून विच्छेदन होऊन आलेले द्रावण जैव-अभिक्रियापात्रांत जाई. तेथील सूक्ष्मजीव थायोडायग्लायकॉल खाऊन टाकत. सुमारे ७,८०,००० गोळ्यांतील २,३७० मेट्रिक टनांच्या आसपास मस्टर्डचा साठा २२ जून २०२३ रोजी संपला. ब्लू ग्रासमधील सुमारे ४७५ मेट्रिक टनांच्या साठ्यातले शेवटचे रॉकेट ७ जुलै २०२३ रोजी नष्ट झाले आणि त्याबरोबर जगातील सर्व घोषित साठ्यांचा नाश पूर्ण झाला.

इतरत्र : मेरिलंडमधील अ‍ॅबर्डीन व इंडियानातील न्यूपोर्ट येथील विषे पिंपांत वा टाक्यांत भरलेली होती, स्फोटकांशी जोडलेली नव्हती; त्यामुळे तेथे विच्छेदन आधीच, २००३ ते २००८ या काळात उरकले. रशियाने सुमारे ४०,००० टनांचा साठा २०१७ पर्यंत संपवला. त्यात रासायनिक निष्प्रभावीकरणाचा मोठा वाटा होता. सिरियाचे सुमारे ६०० टन द्रव्य २०१४ मध्ये भूमध्य समुद्रात 'केप रे' या अमेरिकी जहाजावरच निष्प्रभ करण्यात आले. भारताने घोषित केलेला सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठा २००९ मध्ये नष्ट केला.

मर्यादा : निष्प्रभ झालेले द्रावण विषाइतके घातक नसले तरी ते सांडपाणीच असते, आणि त्याचे प्रमाण मूळ विषाच्या कितीतरी पट असते. न्यूपोर्टचे द्रावण न्यू जर्सीत प्रक्रियेला पाठवण्याचा बेत विरोधामुळे सोडावा लागला. शेवटी ते टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे नेऊन जाळण्यात आले. ब्लू ग्रासमध्ये ३७४° से. व सुमारे २२१ बार या क्रांतिक बिंदूपलीकडच्या पाण्यात द्रावणाचे ऑक्सिडीकरण करायचे ठरले होते. ती यंत्रणा पुढे बाजूला ठेवून द्रावण बाहेर पाठवण्यात आले. तेथील मस्टर्डचे गोळे तर बंद पोलादी कोठीत उष्णतेने फोडूनच संपवावे लागले. त्यामुळे 'भस्मीकरणाविना' हे वर्णन प्रामुख्याने मूळ विषाच्या नाशाला लागू पडते. शेष द्रव्याच्या अंतिम विल्हेवाटीला ते सर्वत्र लागू पडत नाही.